खालाची यादी

मी जाहिराती लिहिणार नाही, असं मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं.

सर हसले. "मग काय लिहिणार? आपण ईमेल मार्केटिंग करतो. त्यात जाहिरातच असते."

"पत्रकं लिहीन," मी म्हणाले.

हे मी खरंच म्हणाले. बावीस वर्षांची होते आणि मला आपण फार मोठं काहीतरी बोललो असं वाटलं होतं. सरांनी तरीही मला घेतलं. बहुतेक त्या पगारात मराठी नीट लिहिणारं दुसरं कोणी आलं नसावं.

पत्रकं माझ्या अंगात होती. माझे वडील कामगार संघटनेत होते. आमच्या दोन खोल्यांत कायम शाईचा वास असायचा. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायचं आणि पत्रकांच्या घड्या घालायला बसायचं, हे माझं लहानपण. कंपनीच्या गेटवर पाळी सुटताना पत्रकं वाटायला मी वडिलांबरोबर जायचे. त्यांचे नियम कडक होते. माणसाकडे बघून कागद द्यायचा. ज्याने हात मागे घेतला, त्याच्या खिशात कोंबायचा नाही. आणि प्रूफवर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एकही प्रत छापायची नाही, कारण चुकीचं छापलेलं परत घेता येत नाही.

आमचं ऑफिस पनवेलमध्ये एका मेडिकलच्या दुकानावर होतं. आम्ही तिघं. सर, मी आणि उरणचा एक डिझायनर. तो कोळ्यांचा मुलगा. घरचे सगळे मासेमारीत, हा एकटा कॉम्प्युटरवर. मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचा. गिऱ्हाईकं म्हणजे नेऱ्याकडे फार्महाऊसचे प्लॉट विकणारे, नवीन पनवेलातले क्लासवाले, असे लोक. त्यांच्याकडून पत्त्यांची यादी घ्यायची, मजकूर लिहायचा, डिझाइन करायचं, पाठवायचं, किती जणांनी उघडलं ते बघायचं.

पहिल्याच महिन्यात भांडण झालं. प्लॉटवाल्याने कुठूनतरी विकत घेतलेल्या हजारो पत्त्यांची सीडी आणली. मी म्हटलं, ज्यांनी आपल्याला पत्ता दिला नाही त्यांना मी लिहिणार नाही.

"अगं, हे ऑफिस आहे. मोर्चा नाही," सर म्हणाले. पण सीडी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुन्हा काढली नाही. तेव्हापासून मला ते आवडायला लागले.

दुसरी गोष्ट मी केली ती प्रूफाची. त्याआधी कोणीतरी "चालेल" म्हणायचं आणि मेल जायचा. एकदा क्लासवाल्यांच्या मेलमध्ये मागच्या वर्षीच्या परीक्षेची तारीख गेली. मग मी नियम केला. प्रत्येक मेलची कागदावर प्रिंट काढायची, तिघांनी वाचायची, खाली सह्या करायच्या, फाइलला लावायची. सरांना ही पद्धत इतकी आवडली की ते गिऱ्हाइकांना ती फाइल काढून दाखवायचे. मला अर्थातच अभिमान वाटायचा.

आणि मग खाला आल्या.

पन्नाशीच्या पुढच्या, अंगावर काळा बुरखा, तोंडावर पडदा नाही. जिना चढून दमल्या होत्या. पनवेलच्या मोहल्ल्यात सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिथे घरीच त्यांचं स्वयंपाकघर चालायचं. ईदला त्या शेवया, खजूर, सुकामेवा आणि घरी भाजलेली नानखटाई असा डबा भरून द्यायच्या. हाताखाली चार बायका होत्या. पण आता सगळं तयार पाकिटातून दुकानात मिळायला लागलं होतं आणि डबे कमी होत चालले होते. त्यांनी एक वेगळी युक्ती काढली होती. मोहल्ल्यातली आणि उरणची कितीतरी मुलं आखातात नोकरीला. त्यांनी तिथून ऑर्डर द्यायची आणि खालांनी इथे त्यांच्या आईच्या दारात डबा पोहोचवायचा.

"ह्या ईदला जमलं तर जमलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर रमजान संपला की चूल बंद. चौघींना सांगून ठेवलंय मी. खोटी आस नको लावायला."

त्यांनी पिशवीतून शाळेची वही काढली. तीत हाताने लिहिलेले जवळपास चारशे ईमेलचे पत्ते. प्रत्येक पत्त्यापुढे घर. 'मशिदीमागची गल्ली, हिरवा दरवाजा.' 'उरण, बंदराकडे, दुसरा मजला.' घरोघरी फिरून त्यांनी ते गोळा केले होते.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "ह्या मुलांनी परवानगी दिलीय का, आपण त्यांना मेल पाठवायची?"

खालांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "बेटा, त्यांच्या आयांनी दिलीय."

"पण पत्ता मुलांचा आहे ना?"

"आणि मुलगा कोणाचा आहे?"

डिझायनर खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "घे बाय, आता हिला काय बोलशील?"

मी वही ठेवून घेतली. एवढंच ठरवलं, की ज्या मुलाला नको असेल त्याने नुसतं 'नको' लिहिलं तरी त्याचं नाव त्याच दिवशी काढायचं.

मजकूर मी जीव तोडून लिहिला. घरची चूल, आईचे हात, परक्या देशातली खोली. पानभर. आता वाचलं तर लाज वाटेल, पण तेव्हा सरांनीही "छान" म्हटलं होतं. तिकडच्या पुष्कळ मोबाइलवर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून डिझायनरने सगळा मजकूर एका चित्रातच बसवला. कडेने चांदणी, मध्ये शेवयांची वाटी. रंगीत प्रिंट काढली. आम्ही तिघांनी सह्या केल्या. ह्या वेळी खालांनीही केली आणि स्वयंपाकघरात लावायला एक प्रत मागून घेतली. तिकडे शुक्रवारी सुटी, म्हणून मी शुक्रवारी दुपारची वेळ धरली. गेटवर पाळी सुटायची वेळ धरायचे, तशीच.

मेल गेला. शनिवारी सकाळी पहिलं उत्तर आलं.

"खाला, मेल रिकामा आहे."

मग दुसरं. तिसरं. दुपारपर्यंत तशी वीसेक उत्तरं जमली. कोणी लिहिलं होतं, नुसता पांढरा चौकोन दिसतोय. कोणी, हा व्हायरस तर नाही ना? आणि नऊ जणांनी सरळ लिहिलं होतं, माझं नाव यादीतून काढा.

पुष्कळ ठिकाणी मेल उघडल्यावर त्यातलं चित्र आपोआप दिसत नाही, ते दिसावं म्हणून वेगळं बटण दाबावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. आणि आमचा सगळा मेल म्हणजे एकच चित्र होतं. सरांच्या कॉम्प्युटरवर ते आपोआप दिसायचं. आणि आम्ही तिघांनी तो मेल वाचला होता तो कागदावर.

"कागदावर तर लय भारी दिसत होता," डिझायनर हळूच म्हणाला.

ही पद्धत माझी होती. जिचा मला अभिमान होता, तीच. ईदला बारा दिवस उरले होते.

खालांना सांगायला मी गेले. दुसऱ्या कोणी जाणं बरोबर नव्हतं. स्वयंपाकघर म्हणजे घरामागची पत्र्याची पडवी. चौघी रोजे धरून शेवया भाजत होत्या. तुपाचा वास सगळ्या गल्लीत. त्यातली कोणी एक दाणाही तोंडात टाकत नव्हती, आणि भिंतीवर आमची ती सुंदर प्रिंट चिकटवलेली. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चौघींचे हात थांबले. मला त्यांच्याकडे बघवेना.

खालांनी भिंतीवरच्या प्रिंटकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चार जणांनी सह्या केल्या, माझ्यासकट. आणि एकाने पण पाकीट उघडून बघितलं नाही?"

"नाही."

"मग आता बघा उघडून. मला काय सांगता, जा!"

ऑफिसात सरांचं म्हणणं वेगळंच होतं. नवीन मेल सगळ्या चारशे जणांना पाठवायचा, 'नको' म्हणणाऱ्या नऊ जणांनाही. "ते चिडले कारण मेल रिकामा होता. भरलेला गेला की चिडणार नाहीत."

"त्यांनी नाव काढायला सांगितलंय, सर. मी काढलंय."

"नऊ डबे म्हणजे त्या बायकांचं किती काम, माहितीये? तुझ्या तत्त्वापायी त्यांची चूल बंद होऊ दे?"

हे लागलं. पडवीत थांबलेले ते हात मी नुकतेच बघून आले होते. ज्याने हात मागे घेतला त्याच्या खिशात कागद कोंबायचा नाही, हे गेटवर म्हणणं सोपं होतं. तिथे एका नकाराने कोणाची चूल बंद होत नव्हती. मी उठून खिडकीशी गेले. रडले असं म्हणणार नाही. पण नावं परत घातली नाहीत. "वाटल्यास मला काढा," म्हटलं.

"काढतो काय! बस खाली," सर म्हणाले आणि त्यांनी खालांनाच फोन लावला. त्यांना वाटत होतं, खाला त्यांची बाजू घेतील.

खालांनी नऊ नावं वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. प्रत्येक नावाला पलीकडून "हां... हां..." येत होतं. एका नावावर त्या म्हणाल्या, "हा लहानपणापासून असाच आहे." मग म्हणाल्या, "ह्यांना तुम्ही काही पाठवू नका. नको म्हणाले ना? मग नको. ह्यांच्या आयांकडे मी पायी जाते. तिकडे माझं कोण नाव काढतंय बघते."

नवीन मेल सहा ओळींचा झाला. चित्र नाही, चांदणी नाही. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण ती सगळ्या मोबाइलवर दिसायची. मला ते लिहिताना त्रास झाला. मी लिहिलं. आधीचा मेल रिकामा गेला, चूक आमची होती, खालांची नाही. डब्यात काय आहे. कधीपर्यंत सांगायचं. खाली आमचं नाव. ह्या वेळी प्रिंट काढलीच नाही. खालच्या मेडिकलवाल्याच्या मोबाइलवर उघडून बघितला. सरांच्या बायकोच्या मोबाइलवर बघितला. डिझायनर म्हणाला, "माझा चुलतभाव दुबईत हाय. त्याला पाठवून बघू." पाठवला. त्याने फोनवरून सगळ्या सहा ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि शेवटी विचारलं, "आमच्या आईला पण देतील का? आमी ईद करत नाय, पन शेवया खातो."

तो पहिला डबा.

मग उत्तरं येत गेली, दोन, चार, एका दुपारी अकरा. मी ती वाचायचे आणि खाला समोर बसून वहीत त्या त्या घरापुढे लिहायच्या. अम्मीला साखरेचा आजार आहे, तिच्यासाठी नानखटाई नको, खजूर जास्त. घरी आता बहीण एकटीच असते, संध्याकाळनंतर जा. एकाने लिहिलं होतं, डबा कोणी पाठवला ते लगेच सांगू नका, तिला ओळखू द्या. खाला ते ऐकून लिहायच्या थांबल्या. "ओळखेल की. दुसरं कोण आहे तिला!" असं म्हणून पुन्हा लिहायला लागल्या.

नऊ जणांपैकी तिघांच्या आयांनी आपापल्या मुलाला फोन करून डबा मागून घेतला. बाकीच्यांनी नाही. त्यांना आम्ही पुन्हा कधीच लिहिलं नाही आणि सरांनीही त्यांची आठवण काढली नाही.

ऑर्डर घ्यायच्या शेवटच्या दिवशी खालांनी वही मिटली. मागच्या ईदपेक्षा जास्त डबे झाले होते. फार नाही, पण जास्त. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, चौघींपैकी एकीचा नंबर लावला आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागल्या. त्यांचा आवाज तसा सगळ्या ऑफिसला ऐकू जायचाच.

"उद्या सहाला ये... हो, चौघीजणी या... ईदनंतरचं काय विचारतेस? ईदनंतर पण यायचं. बंद करणार असं कोण म्हणालं? मी म्हणाले होते? बरं, म्हणाले असेन. आता नाही म्हणत. आणि ऐक, येताना तुझ्या जावेला पण घेऊन ये. भाजायला हात कमी पडतायत."