घाट उतरण्याजोगे ब्रेक

आमच्या ह्यांनी सात सीटची ती जुनी दणकट गाडी घेतली, तेव्हा ती घरासाठी घेतली असा माझा समज होता. पण ओतूरच्या आसपास कुठेही लग्न, साखरपुडा, दवाखाना निघाला की ती हजर. आत किती माणसं आहेत हे दारं उघडल्यावरच कळायचं.

गेल्या वर्षी अशीच गच्च भरलेली गाडी माळशेज घाट उतरत होती. निघालो होतो सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. मावशी घाटाखाली एकट्या राहतात, गुडघ्यांनी अधू झाल्या आहेत आणि सासूबाईंचा सगळा जीव तिकडे. बाकीची मंडळी 'वाटेवरच उतरायचंय' म्हणत चढलेली. अर्ध्या घाटात जळका वास सुटला. ह्यांनी ब्रेक दाबला तर पाय पार खाली गेला आणि गाडी आपली चाललीच. पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी कठड्याच्या अलीकडे थांबवली. चाकातून धूर येत होता. मागच्या सीटवरचे जाणकार खाली उतरले आणि माणसाला घेरी आल्यावर करावं तसं त्यांनी चाकांवर गार पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या. चर्रर्र झालं. धूर गेला आणि धुराबरोबर ब्रेकच्या डिस्कही गेल्या. चाकाआडच्या त्या तापलेल्या लोखंडी तबकड्या पाण्याने अशा वेड्यावाकड्या झाल्या, की नंतर ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थडथड नाचायचं.

मावशींना न भेटताच आम्ही माघारी आलो. उंबऱ्यात पाय ठेवतानाच सासूबाईंनी जाहीर केलं, "ह्या गाडीत मी परत बसायची न्हाई. मला भनीला भेटायचंय, तिला भेटायच्या आधी वर जायचं न्हाई." एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. म्हणजे ब्रेक धड होईपर्यंत दोघी बहिणी घाटाच्या दोन टोकांना. त्या रोज फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवला की सासूबाई घरात कोणाशीच बोलायच्या नाहीत.

ह्यांनी अभ्यास सुरू केला. आमच्याकडे अभ्यास म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघणं. भोकं पाडलेल्या, लाल रंगाच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्यात, शोभून दिसणाऱ्या डिस्क ह्यांना फार आवडल्या. "दिसायला कशा भारी आहेत बघ," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, त्या चाकाच्या आत बसणार. बघणार कोण?" त्यावर ह्यांनी पुढचा व्हिडिओ लावला.

मग आम्ही दोघं मोटारसायकलवरून आळेफाट्याला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने एकच विचारलं, "भाऊ, गाडीत वजन किती असतं?" हे म्हणाले, "सात माणसं. घरचीच." मी दुकानाच्या छताकडे बघितलं. दुकानदारानेही माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाई राव, खरं वजन सांगा. डिस्कला आवळून धरणारे पॅड त्यावर ठरत्यात."

घरी आल्यावर सासूबाईंनी फैसला दिला. आयुष्यभर कांदा विकलेल्या बाईचा विश्वास फक्त काट्यावर. "जशी लग्नाला भरतुस तशी भर अन् काट्यावर घाल," त्या म्हणाल्या. हाक मारायचा अवकाश, आळीतली माणसं हौसेने गाडीत बसली. एरवी कांद्याचे ट्रॅक्टर उभे राहतात त्या भुईकाट्यावर आमची गाडी सरपटत जाऊन थांबली. काटेवाल्याने खिडकीतून विचारलं, "माल काय?" हे म्हणाले, "माणसं."

आता गंमत अशी, की काट्यावर वजन जास्त भरलं की आनंद व्हायची आम्हाला पिढीजात सवय. आकडा दिसताच आत टाळ्या पडल्या. एकाने तर "थांबा, मीबी बसतो" म्हणून बाहेरून उडी घेतली. हे वजनाची चिठ्ठी घेऊन असे घरी आले, की जणू माल चढ्या भावाने गेला. सासूबाईंनी ती लांब धरून वाचली. "एवढं तर आपल्या कांद्याचंबी कंदी भरलं न्हाई," म्हणाल्या.

दुकानदाराने तीच चिठ्ठी बघितली आणि ह्यांनी उघडलेलं भोकाच्या डिस्कचं माहितीपत्रक मिटून ठेवलं. "ह्या तुमच्या घाटात तडकतील," म्हणाला. स्वस्त पॅड होते, ते तापले की पकड सोडणारे. शेवटी जाड, साध्या डिस्क आणि जड गाडीसाठीचे पॅड ठरले, दोन्ही एकदमच बदलायचे. एकही भोक नसलेल्या डिस्क बघून ह्यांचा चेहरा पडला. निघताना दुकानदाराने बजावलं, "हे चांगलं हायेत, पण जादू न्हाई. माणसं कमी भरा. अन् पाणी ओतू नका."

नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून ह्यांना सुरुवातीला सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावत हिंडायचं होतं. ओतूरच्या रस्त्यावर ते थोडं चालवत, थांबत. दोघातिघांनी मला काळजीने विचारलं, "भाऊ आता गाडी शिकत्यात व्हय?"

निघायच्या सकाळी आळी पिशव्या घेऊन दारात उभीच. सासूबाई पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "आज कुनी न्हाई. समद्यांनी घरी जावा." मला ते जरा कडक वाटलं. इतके चांगले ब्रेक बसवलेत, चार माणसं घेतली असती तरी चाललं असतं.

घाटात सासूबाईंनी खिडकीवरचा दांडा धरला तो सोडला नाही. मागच्या वेळच्या वळणावर मीही डोळे मिटले, खोटं कशाला सांगू. गाडी हळू झाली, स्टिअरिंग हललं नाही, वळण मागे पडलं.

मावशी ओट्यावरच बसल्या होत्या. दोघी गळ्यात पडून रडल्या, मग उशीर कोणामुळे झाला यावरून भांडल्या. जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ऊठ, लुगडी बांध. मागची शिटं काय हवा खायला मोकळी आणली व्हय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मावशींची वळकटी उचलली, ह्यांनी तांदळाचं पोतं.

गाडीत बसताना मावशींनी हळूच विचारलं, "माघारी कंदी आणून सोडशील?"

सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "त्ये काय जमायचं न्हाई. घाट उतरायचं मला लई भ्या वाटतं."