आबांची दाढी करणारे मामंजी

आमच्या मामंजींना दाढी वाढलेल्या अवस्थेत पाहायचं असेल तर शनिवारी घरी यावं लागे. शनिवारी गालाला पातं लावायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि पातं लावलं नाही तर घराबाहेर पडायचं नाही, हा दुसरा नेम. शनिवारी दारावर कोणी आलं की ते आतूनच ओरडत, "उद्या या हो. आज मी माणसात न्हाई!" एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हेच सांगितलं आणि तो खरंच निघून गेला. त्या दिवशी मी स्वयंपाक कसा केला ते माझं मला माहीत.

अंबडच्या कोर्टात ते बेलीफ होते. लोकांच्या दारात समन्स घेऊन जायचं, जप्तीची नोटीस चिकटवायची, शिव्या खायच्या आणि सही घेऊन परत यायचं, असं काम. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आले, पण दाढीची सवय कोर्टातली. मी एकदा सहज म्हटलं, "मामंजी, आता कुठं जायचंय रोज रोज? एक दिवसाआड करा की." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "सूनबाई, मी जल्मभर लोकायच्या दारात वाईट बातमी घेऊन गेलो. बातमी तं माझ्या हातात नव्हती. थोबाड साफ ठेवणं तेवढं माझ्या हातात होतं." मी पोळ्या लाटायला गेले.

त्यांचं हे रोजचं प्रकरण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चाले, कारण उजेड तिथंच चांगला. खिडकीच्या गजाला आरसा, ओट्यावर पितळी वाटी, साबणाची वडी, ब्रश आणि ते जुनं जडसर रेझर, ज्यात पातं घालून मूठ पिळायची. मला फोडणी द्यायची घाई, आणि हे गाल फुगवून उभे. फेस मात्र बघत राहावा असा काढत. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सगळी दाढी एका पेल्यात उरके. मग उलट्या हाताने, खालून वर, गाल तपासायचा. बोटांच्या मागच्या बाजूला एक जरी खुंट लागला तरी पुन्हा फेस.

रविवारी मात्र ही सगळी सामग्री पिशवीत भरून ते सकाळच्या एसटीने निघत. अंबडच्या पुढे आमचं गाव. तिथं त्यांचे वडील, म्हणजे आबा, धाकट्या मुलाकडे असतात. नव्वदी कधीच ओलांडलेली, कान कमी, डोळा बरा, जीभ तर एकदम खणखणीत. दर रविवारी मामंजी जाऊन आबांची दाढी करून येत. धाकटे भाऊ रोज घरात, पण त्यांना आबा हात लावू देत नसत. "ह्याचा हात जड हाय," म्हणत. गावात दाढी करणारे दुसरेही होते, त्यांच्यातही आबांनी खोट काढलेली. बापलेक दाढीच्या वेळी फारसं बोलत नसत. एक बाजेवर ताठ बसलेला, एक त्याच्यासमोर वाकलेला. झालं की चहा, आणि दुपारच्या गाडीने मामंजी परत. मला ही भेट फार कोरडी वाटायची. एवढा प्रवास करायचा आणि दोन गोष्टी धड बोलायच्या नाहीत!

अशात आमच्या ह्यांनी इलेक्ट्रिक शेव्हर आणला. आधी स्वतःला म्हणून आणला, मग वडिलांना त्याचे गुण ऐकवायला लागले. पाणी नको, साबण नको, कापायची भीती नाही, बसल्या जागी पेपर वाचता वाचता दाढी. मामंजींनी यंत्र हातात घेऊन वजन केलं, चालू केलं, कानाशी धरलं. मग ह्यांच्या नुकत्याच झालेल्या दाढीवरून उलटा हात फिरवला. "गळ्यापाशी अर्धं शेत तसंच हाय रे," म्हणाले. "हे दाढी करून राह्यलं का गुदगुल्या?"

"अण्णा, सवय होते त्वचेला," हे वडिलांना म्हणाले.

"त्वचेनं कामून सवय करायची? यंत्रानं कर म्हणावं."

निकाल लागला. खरं सांगायचं तर मामंजींचं म्हणणं बरोबर होतं. मी दोघांचेही गाल रोज बघायची. रेझरचा गाल धुतल्या ताटासारखा, शेव्हरचा संध्याकाळपर्यंत काळपट. पण शेव्हरवाला सकाळी झटक्यात तयार होई आणि माझा ओटा मोकळा ठेवी, हे मी मनातल्या मनात त्याच्या खात्यावर टाकलं होतं.

मग मामंजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग गालावर. तुरटी घासून घासून संपायला आली, हनुवटीवर पेपरचे कपटे चिकटलेले. विचारलं की एकच उत्तर, "पात्या पह्यल्यासारख्या राह्यल्या न्हाईत." डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्या, पण थरथर पूर्ण जाणार नाही, हेही सांगितलं. आमचे हे त्या रात्री जेवताना म्हणाले, "अण्णा, तुमचं तुम्ही बघा. पण आबांची दाढी बंद करा आता. म्हाताऱ्या माणसाची कातडी, कुठं खोल लागलं म्हणजे?"

मामंजींनी घास खाली ठेवला. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला. "आबांची दाढी बंद करू? आजवर त्यायला एकदा तरी लागलं का? लाव फोन. इचार त्यायलाच!"

फोन लावला. स्पीकरवर आबा ओरडले, "न्हाई! बिलकुल न्हाई! हात हाय का काय, लोणी हाय!" मामंजींनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू निकालाची प्रत हातात पडली आहे. पण मला कळलं होतं, की या माणसाचं आता एवढंच काम उरलंय आणि तेच आपण काढून घ्यायला निघालोय.

पुढच्या रविवारी मी बरोबर गेले. एसटीत चढायला आधार हवा, हे निमित्त. मामंजींनी आबांना फेस लावला तोवर सगळं ठीक होतं. रेझर गालाला टेकलं. हात हलतोय, पातं हलतंय, आणि म्हातारा खांबासारखा ताठ. कानाखाली लाल रेघ उमटली. मामंजी थबकले. आबा तेवढ्यात म्हणाले, "तिथं मच्छर चावलंय. मीच खाजवलं सकाळी. तू कर." जबड्याजवळ दुसरी. "हां, तिथंबी मच्छर." मामंजींनी तुरटी फिरवली आणि पुढं चालू. त्यांना मच्छर पटला होता. पटवून घ्यायचा होता, असंही म्हणता येईल.

ते ब्रश धुवायला मागे गेल्यावर मी आबांच्या कानाशी तोंड नेलं. "आबा, हे काय? किती लागलंय!" आबांनी टॉवेलची रक्ताची बाजू आत दुमडली. "त्याला सांगशील तं याद राख, पोरी."

मला राग आला, अगदी खरा राग. एक म्हातारा कापतोय, दुसरा कापून घेतोय, आणि मी बघत बसायचं? मी म्हटलं, "सांगत नाही. पण मग तुम्ही माझं एक ऐका." आणि यंत्राचं सांगितलं. आबांनी विचार केला. मग हसले. दात नव्हते, पण हसू बेरकी होतं.

बुधवारी त्यांचा फोन आला. मामंजींना म्हणाले, "तुमच्या घरात म्हणे बिनपाण्याची मशीन हाय. गावातल्या पोरायनं पाह्यली, मीच राह्यलो. येत्या रविवारी मला त्याच्यानं पाहिजे." मामंजींचा चेहरा पडला. "आबा, त्याच्यानं खुंट राह्यतात." "राहू दे. मरायच्या आधी एकदा पाहून घेतो." बापाचा हुकूम. मामंजींनी ह्यांच्याकडून शेव्हर मागून घेतला आणि त्याच दिवसापासून स्वतःच्या तोंडावर सराव सुरू केला.

शुक्रवारी खिडकीतून हाक आली, "सूनबाई, जरा इकडं पाय." बघते तर अर्धी मिशी गायब! शेव्हरच्या मागे मिशी-कल्ले कोरायचं पातं असतं, ते वर आलेलं मामंजींना कळलंच नाही. उरलेली अर्धीही काढावी लागली. आता आमचे हे वडिलांच्या डोळ्यांदेखत सफाचट फिरतात, त्यांचं सोडा. पण मामंजींच्या पिढीत बाप हयात असताना मिशी उतरवत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची मिशी गेली, याचा आमच्याकडे एकच अर्थ. मी हसू दाबत होते, आणि मामंजी आरशासमोर अपराध्यासारखे उभे. "आता रविवारी कसं जाऊ?"

गेलो. तोंडाला रुमाल बांधून. अंबडच्या स्टँडवर पाणी प्यायला त्यांनी रुमाल खाली केला, आणि कोर्टातले एक जुने कारकून समोरच उभे. "अरे देवा! आबा गेले? कळवलं बी न्हाई!" मामंजी "न्हाई न्हाई, मशीननं..." म्हणेपर्यंत आमची गावाकडची जीप सुटायला लागली. चढलो. कारकुनांनी भल्या मनाने गावात फोन केला असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती आणि मधोमध बाजेवर आबा बसले होते. जिवंत. धाकटे चुलतसासरे शेतावर, आबांना ऐकू कमी, आणि आलेल्यांना काय बोलावं कळेना. एक बाई दारात येऊन गळा काढायला लागल्या, तेवढ्यात आबांनीच त्यांना विचारलं, "काय गं, कोण गेलं?"

मामंजींनी रुमाल काढला. सगळ्यांनी मिशीच्या जागेकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबांनी लेकाकडे बराच वेळ पाहिलं. "माझ्याआधीच उतरवली होय रे? एवढी कामून जल्दी?" आणि ओटा हसला. आबा म्हणाले, "बसा, आलेच तं चहा घेऊन जा." एकजण चाचरत म्हणाला, "पण सुतकाच्या घरी..." आबा खेकसले, "कोनाचं सुतक? पी गुमान!"

लोक पांगल्यावर मामंजींनी यंत्र काढलं. फेस नाही, पाणी नाही, त्यामुळे त्यांना उघड्यावर आल्यासारखं झालं असावं. हात थरथरतच होता, पण जाळी गालावर टेकली की यंत्र आपलं काम करी. एक गाल झाला. गळा झाला. मामंजी उलट्या हाताने तपासत होते आणि नापसंतीने मान हलवत होते. मग अचानक थांबले. आबांची मान एका बाजूला कलली होती. मी झटकन पुढं झाले, सकाळपासून तोच विषय ना! पण आबा घोरत होते. तोंड उघडं, खांदे सैल, दाढी अर्धी, आणि गाढ झोप.

मामंजींनी यंत्र बंद केलं नाही. ते तसंच गुणगुणत त्यांच्या हातात. हळूच म्हणाले, "आबा माझ्यासमोर कधी झोपले न्हाईत, सूनबाई. ताठ बसायचे. मला वाटायचं, शिस्तीचे हायेत." मग त्यांनी आबांच्या कानाखालची सुकत आलेली रेघ पाहिली. जबड्याजवळची पाहिली. इतके दिवस जे मच्छर होते ते सगळे त्यांनी एकेक करून पाहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. उरलेली दाढी त्यांनी इतकी सावकाश केली, की आबा अखेरपर्यंत जागे झाले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी यंत्रच गेलं. परतीच्या गाडीत मामंजी म्हणत, "खुंट राह्यतात पण," आणि खिडकीबाहेर बघत. आबांसमोर त्यांनी तो विषय काढला नाही. आबांनीही मच्छरांचा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामंजी गेले. आबांच्या आधी. सकाळी दाढी करून, पेपर घेऊन खुर्चीत बसले, आणि मी चहा घेऊन गेले तर संपलं होतं. गाल गुळगुळीत होते, हे मला त्या घाईतही जाणवलं. आबांना सांगायला धाकटे चुलतसासरे गेले. आबा भिंतीकडे तोंड करून निजले म्हणे.

दिवसकार्य झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघं यंत्र घेऊन गेलो. आबांची दाढी पांढरीशुभ्र, चांगली बोटभर वाढलेली. ह्यांनी बाजेवर बसून यंत्र चालू केलं. आबांनी नातवाचा हात धरला आणि हळूच बाजूला केला.

"राहू दे, बाळा. दाढी काय, गावात कोनीबी केली असती. तो यावा म्हणून ठेवायचो मी."