निळे गट्टू

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. युनियनची, विहाराची, मोर्चांची. बाबा सिमेंट कारखान्यातून शिफ्ट संपवून येताना खिशात घडी घालून आणायचे आणि त्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले. त्यामुळे घुग्घुसजवळच्या आमच्या वस्तीत एका पुढाऱ्याने विहारापर्यंतची वाट बांधून द्यायचं कबूल केलं, तेव्हा माझ्या डोक्यात आधी एक पत्रकच तयार झालं.

वाट म्हणजे काय, तर सडकेपासून विहाराच्या पायरीपर्यंतचा चिखल. सडकेवरून कोळशाचे ट्रक जायचे, म्हणून तो चिखलही काळा. पांढरी साडी नेसून निघालेली बाई विहारात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत काळी व्हायची. पुढारी सिमेंटची वाट करून देणार होता, पण वाटेच्या तोंडाशी त्याच्या नावाचा दगड बसवणार होता. बैठकीत बहुतेकांच्या माना होकाराकडे झुकल्या होत्या.

माझी आई उठली. "आपल्या विहाराच्या तोंडाशी त्याच्या नावाचा दगड काऊन? आम्ही बाया करतो वाट. धम्मचक्र दिनाच्या आधी."

पुढाऱ्याचा माणूस तिथेच बसला होता. "कशाची करता, बाई? शेणाची?"

"सिमेंटच्या गट्टूंची. निळ्या."

"आन नाई झाली तं?"

"तं आणा तुमचा दगड."

वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांची, ज्यांना सगळ्या सुना मामाजी म्हणायच्या, अडचण वेगळीच होती. "निळा रंग पायाखाली घ्याचा का, सूनबाई?"

"मामाजी, तुमच्या बापाले गावच्या सडकेवरून चालू देत होते का?"

"नाई."

"मंग आपली वाट आपल्या रंगाची राहू द्या न."

आजोबा मान हलवत घरी गेले. पटलेलं नव्हतं.

आई कारखान्याच्या साहेबांच्या वसाहतीत बगिच्याच्या कामाला रोजीने जायची. तिथल्या फुलझाडांमधून लाल-पिवळ्या गट्टूंच्या, म्हणजे साच्यात घडवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, वाटा होत्या. ते गट्टू घडताना तिने पाहिले होते. पाणी घालता घालता सगळं डोळ्यांनी उचललं होतं. काम संपल्यावर त्यांचे प्लास्टिकचे साचे भंगारात गेले. ते तिने भंगारवाल्याकडून घरी आणले. काहींचे कोपरे उडालेले होते.

आमचं अंगण कारखाना झालं. साच्यांना आतून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा, कालवलेला सिमेंट-वाळूचा माल भरायचा आणि मग तो चांगला हलवायचा, म्हणजे आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. हलवायचं मशीन कुठून आणणार? बाबांनी जुनी मोटारसायकल स्टँडवर उभी केली, सीटवर फळी बांधली, फळीवर साचे ठेवले आणि गाडी चालू केली. साचे थरथरायला लागले, माल बसत गेला. वस्ती बघायला लोटली.

"गाडी कुठी चालली, भाऊ?" कुणीतरी विचारलं.

"विहारात," बाबा म्हणाले. "जरा हळू जाऊन राह्यली."

रंगासाठी आईने नीळ घातली. दरवर्षी आमच्या भिंतींना चुन्यात नीळ कालवूनच रंग लागायचा. निळं म्हणजे नीळ, यात कुणाला शंका नव्हती. साच्यातून पहिले गट्टू निघाले तेव्हा बायांनी त्यांना हात लावून पाहिला. गडद निळे होते. ओल्या बारदानाखाली ठेवले, रोज पाणी मारलं. मग बारदान काढलं, ऊन लागलं, आणि दिवसागणिक ते राखेच्या रंगाचे होत गेले.

पुढाऱ्याचा माणूस कुंपणापाशी थांबला. "बाई, आभाळ भरून आलं वाटते."

मी चिडून म्हणाले, वरून ऑइलपेंट मारू, आणि त्याच्याविरुद्ध पत्रकही काढू.

"पत्रकानं चिखल सुकत नाई," आई म्हणाली. "आन वरून लावलेलं पायानं निघते. रंग अंगातच पाहिजे."

एक राखाडी गट्टू पिशवीत घालून आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. तिथे एका मुसलमान कारागिराचं मोझॅक फरशांचं दुकान होतं. त्यांनी गट्टू उलटापालटा करून पाहिला.

"इसमें क्या डाला, बहन?"

"नीळ."

ते हसले. "नील चुने में चलती है. सिमेंट उसको खा जाता."

सिमेंटमध्ये टिकणारा निळा वेगळा येतो. त्यांच्याकडे होता, पण महाग. आमच्या ऐपतीत बसला तेवढा घेतला, पण तेवढ्यात सगळे गट्टू रंगले नसते. परतीच्या एसटीत आईने पिशवीतली रंगाची पुडी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "पुरणपोळी करतानी पारी वेगळी, पुरण वेगळं राह्यते न? तसंच. रंग फक्त पारीत."

साच्याच्या तळाशी आधी पांढऱ्या सिमेंटमध्ये निळा कालवून बोटभर थर द्यायचा, तो ओला असतानाच वर साधा माल भरायचा. दोन्ही एकजीव होतात. उलटा केला की निळी बाजू वर. याला रंगरंगोटी कोण म्हणेल? ते त्या गट्टूचं कातडंच होतं.

या वेळीही बारदान काढलं, ऊन लागलं. रोज सकाळी बाया येऊन नुसत्या बघून जायच्या. रंग हलला नाही. मग आम्ही चिखल उपसला, मुरूम दाबला, वाळू पसरली आणि सडकेपासून पायरीपर्यंत गट्टू बसवत गेलो. राखाडी झालेलेही फेकले नाहीत. ते कडेला लावले.

धम्मचक्र दिनाच्या सकाळी पुढाऱ्याचा माणूस आला. खाली वाकून त्याने ओला रुमाल गट्टूवर घासला आणि रुमाल उलटवून पाहिला. पांढराच होता.

"कुठून आणले?" त्याने विचारलं.

"साच्यातून," आई म्हणाली.

तेवढ्यात आजोबा आले. पहिल्या गट्टूपाशी थांबले, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, एकेक पाऊल जपून टाकत विहारापर्यंत गेले. त्यांच्या मागची माणसंही चपला काढायला लागली. सडकेच्या कडेला चपलांचा ढीग झाला.

वंदना झाल्यावर आई पायरीशी उभी राहिली. "मामाजी, परत जातानी चपला घालून जा."

"रंग आहे तो आपला."

"म्हणूनच सांगून राह्यली. आम्ही केलेलं टिकते का नाई, ते त्यालेही पाहू द्या." तिने मान पुढाऱ्याच्या माणसाकडे वळवली.

आजोबांनी त्या माणसाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि टाच आपटत, वाटेच्या अगदी मधून, सडकेपर्यंत चालत गेले.