शेतापासून बंडीपर्यंत

चहा येईपर्यंत एक चूक दुरुस्त करून घेतो. चूक माझीच आहे, ते मी नाकारत नाही. परंतु ज्या रूपात ती सध्या तालुकाभर फिरते आहे, ते रूप माझे नाही, आणि संताप आहे तो त्याचाच.

ती गोष्ट मी प्रथम ऐकली गेल्या महिन्यात, घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर. सांगणारे गृहस्थ फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांचा माझा परिचय नव्हता. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "अरे, एक मास्तर आला पुन्याहून शिकून. थंडी पडली म्हनून त्यानं पोरायले बंड्या आनाले लावल्या. बारा बंड्या उभ्या शाळेत. एका बंडीले त पोरीचा बापच जुपला होता."

शेजारच्याच्या हातातला चहा हसण्याने अर्धा सांडला. मी हसलो नाही. कारण उघड आहे. तो मास्तर मीच.

आता तुम्हीच सांगा, असे सांगतात का? बंड्या बारा नव्हत्या, पाच होत्या. बाप एकटा जुंपलेला नव्हता, सोबत काकाही होता. आणि मी पुण्याला शिकलो हे खरे असले, तरी मी मूळचा यवतमाळचाच आहे. इतका विपर्यास सहन करणे मला शक्य नाही. म्हणून घडले तसे सांगतो.

शिक्षणशास्त्रात एम.ए. झाल्यावर घाटंजीपासून बरेच आत असलेल्या एका गावी, प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गावर माझी तात्पुरती नेमणूक झाली. मुख्याध्यापिका राऊत मॅडम यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते, "सर, हिवाळ्यात केंद्रप्रमुख साहेब तुमचा एक पाठ पाह्यले येतीन. त्यायले पटला त पुढच्या वर्षी तुमालेच ठेवा म्हनून मी सांगीन. नाही पटला त मंग माह्या हातात काई नाई."

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. माझे पुढचे वर्ष त्या एका पाठावर टांगलेले होते, हे कृपया ध्यानात ठेवा.

तो पाठ मी निष्काळजीपणे बांधला असे कोणी म्हणू नये. त्याचे नाव होते 'कापसाचा प्रवास : शेतापासून बंडीपर्यंत'. मुलांच्या घरी कापूस पिकतो, आणि मुले सकाळी कुडकुडत शाळेत येतात. तेव्हा कापूस आणि ऊब यांचा संबंध मुलांनी स्वतः हाताने चाचपून शोधावा, अशी कल्पना. प्रत्येकाने घरून एक बंडी आणायची. मग लहान-मोठी लावायची, सुती आणि लोकरी वेगळी करायची, गुंड्या मोजायच्या, शेवटी चित्र काढायचे. काय वाईट होते यात?

वाईट होता एकच शब्द. आमच्या घरी तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आमच्याकडे बंडी म्हणजे थंडीत सदऱ्यावर घालायचे, बिनबाह्यांचे, समोर गुंड्या असलेले जाकीट. आजोबांची खाकी होती, वडिलांची अजून आहे. गावोगाव मात्र बंडी म्हणजे बैलगाडी. हा दुसरा अर्थ मला मुळीच ठाऊक नव्हता असे मी म्हणणार नाही, ते असत्य ठरेल. परंतु डोक्यात थंडी असताना माणसाला चाके कशी सुचतील?

पाठाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी, मी वर्गाला सांगितले, "उद्या येताना प्रत्येकाने घरून एक बंडी आणायची."

वर्ग एकदम शांत झाला. ही शांतता एकाग्रतेची आहे, असे मला वाटले.

पहिल्या ओळीतल्या पूर्वाने विचारले, "सर, खरंच?"

"हो, खरंच."

"बाबाची आनू का आबाची?" हा वेदांत.

"कोणाचीही चालेल. जुनी असेल तर अधिक चांगली."

"सर, जोडी पन आनाची का?" पुन्हा पूर्वा.

जोडी म्हणजे दोन बंड्या, असा मी अर्थ घेतला. वेगळा अर्थ घेण्याचे काही कारण होते का? मी म्हणालो, "जोडी कशाला? जोडी अजिबात नको. नुसती बंडी."

"मंग आनू कशी, सर?"

"हातांनी. त्यात काय एवढे? आणि हो, स्वच्छ धुऊन आणायची. नीट घडी करून."

पूर्वा थोडी घुटमळली. "सर, घडी नाई होत तिची."

"मन लावून केली की कोणत्याही बंडीची घडी होते. आईला सांग, आई करून देईल."

शेवटच्या ओळीतला स्वराज उभा राहिला. "सर, आमची मोडली हाय."

इथे मात्र माझ्यातला भाषेचा अभ्यासक जागा झाला. "मोडली नव्हे, स्वराज. फाटली म्हणावे. म्हण पाहू, आमची बंडी फाटली."

"पन सर, तिचं..."

पुढे तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, कारण मी वळून फळ्यावर 'फाटली' लिहीत होतो. सगळ्या वर्गाने माझ्यामागून तीनदा म्हटले, "आमची बंडी फाटली." शेजारच्या खोलीत राऊत मॅडम पहिलीचा वर्ग घेत होत्या. मधले दार उघडे होते. त्यांना एकदा तरी डोकावता आले नसते का?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोहोचलो तेव्हा आवार भरलेले होते.

चार बंड्या बैलांसह उभ्या होत्या. ज्यांच्या घरी बंडी नाही, ती मुले दुसऱ्यांच्या बंडीत दाटीवाटीने बसून आली होती. वेदांतच्या घरची बंडी चकचकीत धुतलेली होती, तिच्या फळ्यांमधून अजून पाणी गळत होते. त्याचे आजोबा काखेत हात घालून उभे होते. मला पाहून म्हणाले, "धुतली बा सर, नाल्यावर नेऊन. बोटं गारठून गेली माही. पन तुमचा हुकूम होता."

स्वराजच्या घरून बंडी आली नव्हती, नुसते चाक आले होते. त्याच्या मामाने ते गावातून घरंगळत आणले होते. "सर," मामा म्हणाला, "पोट्टं घरी येऊन म्हनते, बंडी फाटली म्हना. रातभर त्याच्या मायशी भांडला. लाकूड फाटते का, सर?"

मी काही उत्तर देण्याआधीच फाटकातून पाचवी बंडी आली. तिला बैलजोडी नव्हती. जुवाच्या एका बाजूला पूर्वाचे वडील देविदासभाऊ होते, दुसऱ्या बाजूला त्यांचा भाऊ. दोघांच्या डोक्यावरून वाफ निघत होती. बंडीत पूर्वा एकटी, राणीसारखी बसलेली.

देविदासभाऊंनी जू खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. "घ्या सर, आनली. जोडी नको म्हने तुमी, मंग आमीच जुपलो."

मी म्हणालो, "अहो, पण..."

"घडी काई झाली नाई. रातीच पाह्यलं करून. म्या बायकोले म्हनलं, शिकलेला मानूस हाय, पुन्याकडं निघाली असन घडीची बंडी. आपल्या इकडं नाई आली अजून."

"देविदासभाऊ, माझा अर्थ तसा नव्हता. बंडी म्हणजे अंगातली."

"आंगनातलीच आनली ना."

"अंगणातली नव्हे, अंगातली. थंडीत घालतात ती. बिनबाह्यांची."

त्यांनी खांद्यावरची धूळ झटकली. मग सावकाश म्हणाले, "सेटर?"

"साधारण तसेच."

"मंग सेटर म्हना ना, सर. बंडी काहून म्हनता?"

या प्रश्नाला माझ्याजवळ शब्दाच्या व्युत्पत्तीसह सविस्तर उत्तर होते. ते मी दिले नाही. एवढा विवेक माझ्यात आहे.

पण रागावण्याचा अधिकार काय त्यांचाच होता? मी विचारले, "भाऊ, तुम्हाला जराही शंका आली नाही? एकाने तरी येऊन मला विचारायचे होते."

"शंका आली ना. कापूस येचायचे दिवस, बंडी कोन रिकामी देते? पन पोरगी म्हने, सरले इचारलं, पुन्हा पुन्हा इचारलं. सर म्हनते आनाच." मग आवाज चढवून, "आता सांगा, दिवसभर कराचं काय हिचं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बैलसुद्धा. माझ्या पिशवीत वडिलांची बंडी होती, नमुना म्हणून आणलेली. ती बाहेर काढावी की नाही याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात फाटकाबाहेर मोटारसायकल थांबली.

केंद्रप्रमुख साहेब आत आले. बंड्या पाहिल्या, चाक पाहिले, गळणारे पाणी पाहिले. माझे पुढचे वर्ष मला त्या पाण्याबरोबर मातीत जिरताना दिसले.

"हे काय हो, मॅडम?" त्यांनी विचारले.

राऊत मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सरायचा पाठ हाय, साहेब. फळ्यावर लिहून ठेवला."

साहेब वर्गात गेले. मी मागोमाग. फळ्यावर माझ्याच वळणदार अक्षरात होते, 'कापसाचा प्रवास : शेतापासून बंडीपर्यंत'.

साहेबांनी ते मोठ्याने वाचले. एकदा खिडकीतून बंड्यांकडे पाहिले, पुन्हा फळा वाचला. "अस्सं," ते म्हणाले. "म्हंजे पोरायले बंडीत बसवून शेतात नेता. कापूस झाडाहून बंडीत कसा येते ते दाखवता. म्या इतके वर्ष पाठ पाह्यले, पन बंडी शाळेत आननारा मास्तर नाई पाह्यला."

मित्रांनो, इथे मी गप्प बसलो असतो तर तुम्ही मला दोष देऊ शकला असता. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "साहेब, एक खुलासा करतो. वस्तुतः बंडी म्हणजे..."

"बंडी म्हंजे काय ते मले शिकवता का?" साहेब म्हणाले. "माह्या बापाच्या दोन होत्या. चला, बसा."

त्यानंतर जे घडले त्याला पाठ म्हणणे मला जड जाते. सगळी मुले चार बंड्यांत चढली. मीही चढलो, दुसऱ्या प्रयत्नात. सगळे देविदासभाऊंच्या शेतात गेले, कारण ते जवळ होते आणि देविदासभाऊंचे दिवसाचे काम बुडू नये असे साहेबांचेच म्हणणे पडले. मुलांनी प्रत्येकी दोन-चार बोंडे वेचून बंडीत टाकली. देविदासभाऊ ती पाहून म्हणाले, "वातीले होईन, सर, बाकी कायले नाई." मग वेदांतच्या आजोबांनी बांधावर तुरीच्या शेंगा भाजल्या, आणि साहेबांनी स्वतः मुलांकडून बोंडांचे दहा-दहाचे ढीग लावून घेतले. माझ्या टाचणातली एकही कृती झाली नाही. सुती-लोकरी नाही, गुंड्या नाहीत, चित्र नाही. तीन आठवड्यांची तयारी पिशवीत तशीच राहिली. मुले मात्र असे शिकत होती की जणू शाळा आजच सुरू झाली. हे मला कबूल करावे लागते, आणि कबूल करताना अजूनही राग येतो.

दुपारी शाळेत परतल्यावर साहेब निघाले. मी फाटकाशी उभा होतो. निर्णय आत्ताच होणार, हे मला कळत होते. राऊत मॅडमनी विचारले, "मंग साहेब, सरायचं काय करू?"

साहेबांनी गळ्यातला मफलर नाकापर्यंत ओढला, मोटारसायकलवर बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ठेवा यायले, मॅडम. असा मानूस पायजेच. आपली बोली यायले लय चांगली समजते."

राऊत मॅडम त्या दिवसापासून सांगतात की साहेब मनापासून म्हणाले. देविदासभाऊ सांगतात की साहेबांना सगळा प्रकार वेदांतच्या आजोबांनी शेंगा भाजतानाच सांगितला होता. आजोबांना विचारले तर ते शेंगा चांगल्या झाल्या होत्या एवढेच सांगतात. मी पुढच्या वर्षीही त्याच शाळेत आहे, हे निश्चित. मला काय समजून ठेवले, हे मात्र मला आजपर्यंत पडताळता आलेले नाही. जाताना साहेबांचे खांदे हलत होते, हे मी स्वतः पाहिले. पण रस्ता खडबडीत होता, आणि केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.