सगळी पोरं घरी गेल्यावर

एल्सिरा सावेद्राला शनिवारी भेटायचं असेल तर तिच्या घरी जाण्यात अर्थ नव्हता, हे समुद्रकाठच्या तोमे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शनिवारी दुपारी ती चर्चच्या मागच्या खोलीत असायची. गळ्यात निळा-पिवळा रुमाल, तोंडात शिट्टी, आणि भोवती दुसऱ्यांची पोरं. लग्न असो, मयत असो, शनिवार म्हणजे स्काउट. सख्ख्या बहिणीचं लग्न नेमकं शनिवारी निघालं, तर ही बाई पोचली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, आणि वर नवऱ्या मुलाशी डाव्या हाताने हात मिळवला. स्काउट लोक डाव्या हातानेच मिळवतात. बिचाऱ्याला वाटलं, मेव्हणीच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे.

आठवडाभर ती कापड गिरणीत रफूच्या खात्यात असायची. गिरणी बंद पडली तेव्हा घरी शिलाईचं मशीन घालून बसली. गावातल्या निम्म्या संसारांची घडी त्या वर्षी विस्कटली, पण तिचं स्काउटचं पथक एक शनिवारही बंद राहिलं नाही.

हे काम फुकटचं होतं. आणि फुकट राबणाऱ्या माणसावर गाव जेवढा हक्क गाजवतं तेवढा पगारी माणसावर कोणी गाजवत नाही. दुपारी पोरगं आणून सोडायचं आणि अंधार पडेपर्यंत फिरकायचं नाही, हा तर शिरस्ताच होता. कोणाची आई यायची, "एल्सिराबाई, शिबिराला पाठवते हो, पण आमच्या तोमासितोला शेवयांशिवाय काही चालत नाही."

"पाठवा की. शेवया खाईल, आणि शेवयांचं पातेलं घासेल."

कोणाचा बाप यायचा, "काय शिकवता हो तुम्ही? आमचं कार्टं घरभर दोऱ्या बांधून ठेवतंय. काल मी संडासातून बाहेर निघू शकलो नाही."

"मग गाठ चांगलीच बसली म्हणायची," एल्सिरा म्हणायची आणि वहीत त्या पोराच्या नावापुढे गाठींची खूण करून टाकायची.

तंबूंना ठिगळं तीच लावायची. पैसे कमी पडले की चौकात कढई मांडून सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तीच तळायची, आणि त्या खाताना लोक वर म्हणायचे, जरा तेलकट झाल्यात. जिल्ह्याच्या बैठकीला इस्त्रीचे कपडे घातलेले साहेब तिला ध्येयधोरणं समजावून सांगायचे. खरा त्रास मात्र मदतनिसांचा. दर दोन-तीन वर्षांनी एखादा तरुण छातीवर हात ठेवून सांगायचा, "मावशी, मरेपर्यंत पथक सोडणार नाही." मग त्याला उत्तरेच्या खाणीत नोकरी लागायची, नाहीतर पोरगी भेटायची. शेवटचा एर्नान. तो तर निरोप न घेताच गेला. त्याची शिट्टी दाराच्या खिळ्याला तशीच लटकत राहिली.

कधीकधी मात्र असं व्हायचं, की मासळीच्या धक्क्यावर एखादा दाढीवाला धिप्पाड गडी तिच्या हातात दोरीत ओवलेला मासा ठेवायचा आणि म्हणायचा, "पैसे नकोत. गाठ बघा, मावशी." गाठ बरोबर असायची. एल्सिरा ती दोन-तीनदा ओढून बघायची. मग घरी पोचेपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही, कारण बोलली असती तर रडली असती.

मावशी तिला सगळेच म्हणत. आमच्याकडे शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, बालवाडीतली पोरगी, सगळ्यांनाच पोरं मावशी म्हणतात. त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की तिची स्वतःची पोरसुद्धा तिला मावशी म्हणायची.

तो नियम एल्सिरानेच घातला होता. नवरा दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला, तेव्हापासून ती आणि नीदिया दोघीच. नीदिया पथकात आली त्या दिवशी एल्सिराने तिला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, "इथे मी कोणाची आई नाही. इथे मी सगळ्यांची मावशी. तुझीही." आपल्या पोरीला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणू नये. कोणी म्हणणारही नव्हतं खरं तर. पण एल्सिराला कोणाच्या बोलण्यापेक्षा आपल्या सचोटीचाच धाक जास्त. नीदियाला झेंडा धरायची पाळी शेवटी यायची, मोठी सोपाइपिया कधीच यायची नाही, आणि इतर पोरींचा शपथविधी झाला त्याच्या पुढच्या वर्षी तिचा झाला.

नीदिया अकरा वर्षांची असताना ती गोष्ट घडली. त्या शनिवारी खुणांचा खेळ होता. एल्सिरा पुढे जाऊन वाटेवर दगडांचे बाण मांडायची, चर्चपासून निलगिरीच्या रानातून वर टेकडीवरच्या क्रूसापर्यंत. पोरांनी बाण वाचत यायचं. सगळ्यात शेवटी येणाऱ्याने मागच्या खुणा विस्कटून टाकायच्या, म्हणजे नंतर कोणी चुकीच्या वाटेला लागत नाही. आणि खेळ संपला की शेवटच्या जागी दगडांचं एक गोल कडं करून मध्ये एक खडा ठेवायचा. त्याचा अर्थ, मी घरी गेलो, आता कोणाची वाट बघू नका, तुम्हीही घरी जा. जगातल्या कुठल्याही स्काउटला ही खूण कळते.

त्या दिवशी शेवटी नीदिया होती. पाय मुरगळला होता म्हणून मागे पडली होती. तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढायला लागलं. एल्सिराने घाईने कडं मांडलं, मध्ये खडा ठेवला आणि वर पोचलेल्या पोरांना दुसऱ्या वाटेने, सडकेने खाली आणलं. मग ती नेहमीप्रमाणे चर्चच्या फाटकाशी उभी राहिली. शेवटचं पोर त्याच्या घरच्यांच्या हातात दिल्याशिवाय ती तिथून कधी हलली नव्हती. इबार्रा नावाच्या पोराचा बाप गुत्त्यात रमला होता, त्याला बोलावून आणेपर्यंत अंधार पडला. सगळी पोरं पोचती झाली. एकही राहिलं नाही. एल्सिराने समाधानाने खोलीला कुलूप लावलं.

तिची मोजणी चुकली नव्हती. जी पोरं दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची होती ती सगळी दिली होती. नीदियाला न्यायला कोण येणार होतं?

घरी दिवा नव्हता. ती धावत टेकडी चढली. नीदिया क्रूसाखाली बसली होती, त्या दगडांच्या गोल कड्याशेजारी, मधला खडा मुठीत घट्ट धरून. ओठ निळे पडले होते. एल्सिरा इतकी घाबरली होती की तोंडातून मायेचं काही निघालंच नाही. ती ओरडली, "खूण वाचता येत नाही तुला? घरी यायचं असतं!"

"वाचली," पोरगी म्हणाली. "मला वाटलं, घरी मी नाही हे बघून तुम्ही परत याल, मावशी."

त्या दिवसानंतर ती पथकात आली नाही, आणि आई हा शब्द तिच्या तोंडून गेला. स्वयंपाकघरात, आजारपणात, वाढदिवसाला, सगळीकडे मावशी आणि तुम्ही. आधी एल्सिराला वाटलं, रुसलीय, येईल ठिकाणावर. मग ती चिडली. भांडली. दुसऱ्याची ठेव आधी सांभाळावी लागते, हे तिने पोरीला किती परीने सांगितलं. धुकं होतं, पोरं लहान होती, सगळं सगळं सांगितलं. माझं चुकलं, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. नीदिया मोठी झाली, सान्तियागोला रुग्णालयात परिचारिका झाली. सणावारी फोन यायचा. "कशा आहात, मावशी?" मला आता त्याची सवय झालीय, असं एल्सिरा लोकांना सांगायची. साफ खोटं होतं ते.

एर्नान गेला त्या वर्षी पथकात पाचच पोरं उरली. नोंदणीला निदान दोन मोठी माणसं लागतात आणि दुसरं कोणी मिळेना. फादरनाही ती खोली हवी होती. पथक बंद करायचं ठरलं, तेव्हा एल्सिरा समोरच्या ओतिलियाच्या दुकानात गेली. गल्लीत फोन तिच्याकडेच होता. ओतिलिया साखरेच्या पुड्या बांधत होती, म्हणजे कान टवकारून ऐकत होती.

"नीदिया, या शनिवारी पथक बंद होतंय."

"बरं झालं. तुमच्या गुडघ्यांना आराम."

"मी खुणा मांडणार आहे. क्रूसापर्यंत. पोरं जातील खाली. मी वरच बसणार आहे."

"कशाला?"

"तू येईपर्यंत."

मग नीदिया म्हणाली, "बघते, मावशी. रविवारी सकाळी माझी पाळी आहे, लगेच परतीची बस धरावी लागेल. तुम्ही वाट बघत बसू नका."

"येईल गं," ओतिलिया पुडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "आणि नाही आली तर मी आहे, मला शिकव बाण."

"तुला पिठाची बरणी सापडत नाही तुझ्याच दुकानात, तुला काय बाण सापडणार," एल्सिरा म्हणाली. पण घरी जाऊन तिने रुमाल धुतला, इस्त्री केला.

शनिवारी पाचही पोरं आली. झेंडा उतरवला, घडी केली. पोरं बाण वाचत वर आली, सोपाइपिया खाल्ल्या. तुकडीची प्रमुख यास्ना जरा रडली, मग तोंड पुसून म्हणाली, "मावशी, खुणा आम्ही विस्कटल्या नाहीत. तुम्हीच नको म्हणालात. आता जाताना विस्कटायच्या ना?"

"नको. अजून एक जण मागे आहे."

यास्नाचा बाप सडकेने वर न्यायला आला होता. एल्सिराने पाचही पोरं त्याच्या हवाली केली. आयुष्यात पहिल्यांदा ती फाटकाशी उभी राहिली नाही.

ती क्रूसाखाली बसली. ऊन उतरलं. खाडीवर बोटी परतल्या, गिरणीच्या रिकाम्या छपरांवर सावली आली, मग गावात दिवे लागायला लागले. वारा सुटला. तिने रुमाल कानांवरून बांधून घेतला. वाट रानात शिरते त्या काळोख्या तोंडावरून तिची नजर हटत नव्हती. पान हललं तरी तिला वाटायचं, आली. मग कोणीच नसायचं. थोड्या वेळाने तिला वाट बघण्याचीसुद्धा लाज वाटायला लागली, आपण कोणाला नकोसे आहोत आणि तरी इथे बसलोय, याची. तेव्हा तिला कळलं, त्या दिवशी पोर इथे कशी बसली असेल. इतकी वर्षं तिला ते कळलंय असं वाटत होतं, पण कळलं नव्हतं. "माझ्या बाळा," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

शेवटी ती उठली. वर कडं मांडायला तिचा हात धजला नाही. विजेरी लावून ती रानातल्या वाटेने, जिथून नीदियाने यायचं होतं त्या वाटेने, खाली निघाली. बाण जागच्या जागी होते. एक, मग दुसरा, मग आणखी एक. वाटेला फाटा फुटतो तिथे, मोठ्या निलगिरीखाली, तिचा पाय थबकला. तिथला बाण नव्हता. बाणाच्या दगडांचं कोणीतरी गोल कडं केलं होतं. मध्ये एक खडा.

त्याच्या खालच्या सगळ्या खुणा विस्कटलेल्या होत्या. नेटकेपणाने, शिकवल्याप्रमाणे, दगड वाटेच्या दोन्ही बाजूंना सारून.

इथपर्यंत आली होती. पुढची चढण तिला झेपली नव्हती.

मी घरी गेलो, वाट बघू नका. एल्सिरा त्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं धावली. दोनदा पडली. गल्लीत वळली तेव्हा तिच्या घरात दिवा नव्हता. ओतिलिया दुकानाची फळी लावत होती.

"अगं, होतीस कुठे!" ओतिलिया तिथूनच ओरडली. "तुझी नीदिया किती वेळ बसली होती पायरीवर. मी म्हटलं, आत ये, चहा घे, तर नाही. मी म्हटलं, आई वर टेकडीवर असेल, पोराला पाठवू का बोलवायला, तर म्हणाली नको. थंडीत नुसती बसून राहिली. आता गेली, सान्तियागोची शेवटची बस होती ना."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? थकली होती बिचारी. हसली जराशी. म्हणाली, आईचं काही खरं नाही. सगळी पोरं घरी पोचवल्याशिवाय ती यायची नाही."

एल्सिराने दुकानाची चौकट धरली. "काय म्हणाली? नीट सांग."

"सांगितलं ना. पोरं घरी पोचवल्याशिवाय..."

"त्याच्या आधी."

"आईचं काही खरं नाही म्हणाली. मग म्हणाली, तिला सांगा, शेवटची पोर घरी येऊन गेली."

"पुन्हा सांग, ओतिलिया."

"बहिरी झालीस का गं?" ओतिलिया वैतागली. "आई म्हणाली! तुलाच, दुसऱ्या कोणाला म्हणेल?"

एल्सिराने मान हलवली. ती रस्ता ओलांडून आपल्या दाराशी गेली आणि कुलूप न काढता पायरीवर बसली, नीदिया बसली होती तिथेच. पायरी गार पडली होती.