गाडी डावीकडे ओढते

ब्रेकबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं त्यांच्या धाकट्या नणंदेलाही आठवत नव्हतं. सव्वीस वर्षं एकच धंदा केला की नाव गळून पडतं आणि धंदा चिकटतो. धंदा गाडी शिकवण्याचा. ड्रायव्हिंग स्कूल म्हणायचं तर एक गाडी, एक बाई आणि वेळांची वही सांभाळणारी नणंद, एवढाच पसारा. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो दुसरा ब्रेक असतो, तो बाई अशा बेताने दाबत की शिकणारीला वाटावं, गाडी आपणच थांबवली.

यायच्या त्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बायका. आधी नवऱ्याशेजारी बसून शिकायला गेलेल्या आणि पहिल्याच वळणावर ओरडा खाऊन उतरलेल्या. बाई त्यांच्यावर कधी आवाज चढवत नसत. गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात त्या दर सोमवारी पांढऱ्या फक्कीची एक लांबलचक रेघ मारत आणि नव्या बाईला पहिल्याच दिवशी त्या रेघेवर आणत. ‘‘तीसवर ठेवा. आता स्टिअरिंग सोडा. सोडा हो! पाच मोजा.’’ नवी बाई किंचाळायची, डोळे मिटायची, पण मोजायची. गाडी रेघ धरून सरळ जायची. ‘‘बघितलंत? गाडी सरळच असते. घाबरून वाकडी करतो ती आपण.’’ ह्या एका धड्यावर बाईंची शाळा उभी होती.

त्या गाडीला एका दुपारी पाण्याच्या टँकरने ठोकलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, आत कुणी नाही, बाई समोरच्या दुकानात. टँकर मागे घेताना त्या महाभागाने डाव्या बाजूचं पुढचं चाक आत दाबलं आणि मागे वळूनही न बघता पोबारा केला. नंबर कुणी घेतला नाही. सांगायला मात्र दहा जण आले.

विम्याचा माणूस दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होता. आणि इथे बाईंनी ती चूक केली, जी त्यांच्याशिवाय कुणी केली नसती. त्यांनी गाडी धुतली. चाकाला घासणारा पत्रा मिस्त्रीकडून ओढून घेतला, काचा पुसल्या, दोन तास पॉलिश मारलं. परक्या माणसाला आपली गाडी मळकी दिसणं त्यांच्या जिवावर येई.

नणंद दारात उभी राहून बघत होती. ‘‘वहिनी, अपघाताची गाडी दाखवायचीय ना? की विकायला काढलीय?’’

‘‘तू वही बघ,’’ बाई म्हणाल्या.

पाहणी करणारा आला. चार मिनिटं होता. मोबाइलवर सात फोटो काढले, बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही. ‘‘गाडी तर चकाचक ठेवलीय मॅडम,’’ असं कौतुकाने बोलून गेला. आठ दिवसांनी कागद आला. बंपरला रंग, एक दिवा, दाराचा पोचा. अकरा हजार चारशे.

मिस्त्रीने कागद वाचला आणि हसला. त्याने गाडी वर उचलली, खाली शिरून टेप लावला, आडवातिडवा मोजला. ‘‘चेसिसचा डावा हात आत गेलाय, बाई. बोटभर. सरळ करायचा तर सगळं पुढचं उतरवावं लागेल. अडुसष्ट हजारांच्या खाली होत नाही.’’

‘‘आणि नाही केलं तर?’’

‘‘चालेल तशी. पण डावीकडे ओढेल. ब्रेक मारला की जास्तच.’’

बाईंनी त्याच दिवशी गाडीला कुलूप लावलं आणि नणंदेला चार जणींच्या वेळा खोडायला सांगितल्या. नणंद म्हणाली, थोडी ओढली तर तुम्ही आहात की शेजारी सांभाळायला! बाई उसळल्या. ‘‘ओढेल गाडी, आणि शिकणारीला वाटेल चूक माझी. आधीच निम्म्याजणी तेवढंच ऐकून आलेल्या असतात. वाकड्या गाडीत मी कुणाला बसवणार नाही. पैसे आले नाहीत तर शाळा बंद. संपलं.’’ अडुसष्ट हजार त्यांच्याकडे नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग सुरू झाल्या विम्याच्या ऑफिसातल्या फेऱ्या. तिसरा मजला, टोकन, गार हवा आणि गोड बोलणारी माणसं. गोड बोलणाऱ्यांचा बाईंना विशेष राग होता. ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावलं, आणि काचेच्या खोलीतल्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, ‘‘मॅडम, आकडा मी नाही काढला. सिस्टीमने काढला.’’

‘‘सिस्टीम गाडीखाली शिरली होती का?’’

‘‘फोटोत दिसेल तेवढंच धरतो आम्ही.’’

‘‘मग हप्ताही दिसेल तेवढाच घ्यायचा होता! सव्वीस वर्षं एक दिवस उशीर केला नाही मी. तेव्हा नाही कुणी म्हणालं, मॅडम, नीट दिसत नाही!’’

खोलीबाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली. साहेबांनी घाईघाईने फेरपाहणीचा अर्ज पुढे सरकवला.

फेरपाहणीला तोच माणूस आला. दुसऱ्याने येऊन ह्याला खोटं पाडायचं, तर तेही नाही. स्वतःच्या परीक्षेचा पेपर ह्याने स्वतःच तपासायचा! आल्या आल्या म्हणाला, ‘‘गाडी चालते ना? मग?’’

बाईंनी किल्ली त्याच्या हातात दिली. ‘‘बसा.’’ स्वतः शेजारी बसल्या, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला. मैदानात आल्यावर म्हणाल्या, ‘‘रेघेवर घ्या. तीस. आता हात सोडा.’’

‘‘अहो, पण...’’

‘‘सोडा. पाच मोजा.’’

त्याने सोडले. एक, दोन... तीनला रेघ उजव्या खिडकीतून लांब जाताना दिसली. चारला गोदामाची भिंत अंगावर येऊ लागली आणि बाईंनी ब्रेक दाबला. पहिल्यांदाच त्यांनी तो करकचून दाबला.

‘‘हवा कमी असेल एका चाकात,’’ तो घाम पुसत म्हणाला. बाईंनी डिकीतून हवा मोजायचं मीटर काढलं आणि त्याच्यासमोर चारही चाकं मोजली. सारखी. ‘‘मैदानाला उतार असेल.’’ बाईंनी त्याला उलट्या टोकाकडून आणलं. उतार असता तर गाडी आता उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच गेली.

त्याने गाडी बंद केली. मग खरं दुखणं बाहेर पडलं. ‘‘मॅडम, पटतंय मला. पण लिहू कुठे? गाडी डावीकडे ओढते, असा रकानाच नाहीये फॉर्ममध्ये.’’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘‘रकाना नाही म्हणून माणूस मरायचा थांबेल का? उद्या ही गाडी भिंतीवर गेली तर त्याला आहे ना रकाना?’’

गाडी उघडून बघायची शिफारस त्याने तिथेच बसून लिहिली. त्यात काही निघालं नाही तर उघडण्याचा खर्च बाईंचा. बाईंनी क्षणभरही न थांबता सही केली. मिस्त्रीने पुढचं सगळं उतरवलं, तेव्हा दुमडलेला पत्रा, त्यावरचा ताजा तडकलेला रंग आणि मधली घडी एखाद्या आंधळ्याच्याही बोटाला लागली असती. ह्या खेपेला विम्याचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्याची पांढरी पॅन्ट काळी झाली.

महिन्याभराने बोलावणं आलं. नणंद बरोबर होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे केला. रक्कम एकसष्ट हजार. वरचे सात हजार मिस्त्री हप्त्याने घेणार होता. बाईंनी मात्र कागद पहिल्या अक्षरापासून वाचला. ‘कंपनीचा मूळ अंदाज योग्य असून, केवळ सहानुभूतीपोटी विशेष बाब म्हणून वाढीव रक्कम देण्यात येत आहे. हे मला मान्य आहे.’

‘‘सहानुभूती?’’ बाई म्हणाल्या.

‘‘वहिनी, करा सही. चार जणी रोज फोन करतायत.’’

बाईंनी पेन घेतलं, ती दोन वाक्यं आडवी रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं: मूळ अंदाज चुकीचा होता. गाडी न उघडता काढला होता. माझे हक्काचे पैसे मी घेत आहे. मग सही केली.

कारकुनाने कागद घेतला आणि न बघता शिक्का उचलला.

बाईंनी कागद ओढून घेतला. ‘‘आधी वाचा. न बघता शिक्का मारायची सवय आहे म्हणूनच मी दोन महिने इथे उभी आहे.’’

त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘‘असं खोडता येत नाही, मॅडम. पैसे अडकतील.’’

‘‘अडकू देत.’’

नणंदेने डोळे मिटले. कारकुनाने फोन लावला आणि आतून तोच पाहणी करणारा बाहेर आला. त्याने खिडकीशी उभं राहून कागद वाचला. मग परत वाचला. मागे रांग थांबलेली. खिशातलं पेन काढून त्याने बाईंच्या तीन ओळींखाली स्वतःची सही केली आणि कागद कारकुनाकडे सरकवला.

‘‘थांबा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तारीख राहिली.’’

त्याने तारीख घातली.