एका नंबराचा एकच मालक

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या काकू जिभेने तिखट, पण हाताने चोख. तीस वर्षांत कुणाचा रुमालसुद्धा इकडचा तिकडे गेला नव्हता. एकच डाग मात्र त्यांना काही केल्या निघेना. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत त्या गणितात नापास झाल्या होत्या, आणि ती गुणपत्रिका तांबड्या रेघेसकट कपाटाच्या तळाशी पडून होती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा फॉर्म भरला. दोनदा आपटल्या. "ह्या खेपेला नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत," असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं.

शिकवायला घरचीच मास्तरीण होती, सूनबाई. सासूला शिकवायचं म्हणजे काय खायचं काम आहे! 'क्ष'ची किंमत काढायला काकू शिकल्या, पण फलन, म्हणजे फंक्शन, आलं की गाडी अडायची.

"आई, आत एक संख्या घातली की बाहेर ठरलेली एकच येणार. दोन आल्या तर ते फलन नाही."

"का नाही? दोन आल्या तर बिघडलं कुठे? जास्तच मिळालं की!"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

परीक्षेला आठवडा उरला आणि काकूंची दाढ दुखायला लागली. त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, म्हणून दुकानात सून बसली. दोनच दिवसांनी वकीलसाहेब तणतणत आले. त्यांच्या हातात काळी पँट होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना सोनेरी पट्टी!

"काकू, ही घालून मी कोर्टात उभा राहू की बँड वाजवू?"

त्यांच्या मागोमाग बँडमास्तर आले. वकिलांची पँट त्यांच्या गुडघ्यावरच अडली होती म्हणे. काकूंनी दोन्ही पँटींना टाचलेल्या नंबराच्या चिठ्ठ्या पाहिल्या. दोन्हींवर सत्तेचाळीस, आणि अक्षर सुनेचं.

"अगं बाई! एका गिऱ्हाइकाचे दहा नंबर असू देत, मी चालवून घेईन. पण एका नंबराला दोन मालक? कुठला कपडा कुणाकडे द्यायचा, कसं कळणार?"

सून ओशाळली, आणि मग एकदम हसत सुटली. "आई, हेच तर फलन! नंबर आत, मालक बाहेर. दहा नंबर एकाच मालकाकडे गेले तरी चालतं. एका नंबरातून दोन मालक निघाले की संपलं."

काकूंनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. "म्हणजे हे मी तीस वर्षं करतेय?"

"तीस वर्षं! आणि मी एका दिवसात चुकले."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी खडू घेऊन काउंटरवरच बाण काढायला सुरुवात केली. वकीलसाहेब पँट मागत राहिले.

परीक्षेत प्रश्न आला: तीनची जोडी पाचशी आहे आणि आठशीही, तर हे फलन आहे का? 'नाही, कारण तीनला दोन मालक झाले,' असं काकूंनी झटक्यात लिहिलं. मग जीभ चावली, 'मालक' खोडलं आणि नीट कारण लिहिलं.

निकालाच्या दिवशी त्या इस्त्रीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुनेने फोनवर त्यांचा बैठक क्रमांक टाकला.

"आई, गणितात एकेचाळीस. पास!"

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली.

"नीट बघ गं. दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?"

"आई, एका नंबराला एकच निकाल," सून म्हणाली. "तुमचाच."